चूळ भरणारा व्याही

यंदाही एप्रिल सरता सरता दुपारी तीनच्या सुमाराला पश्चिमेकडे ढग उभे राहिले, शेजारच्या गच्चीवरून कुरड्यांची चादर चार कोपरे धरून पळवली गेली, आणि मी खिडकी लावून घेतली. बायको म्हणाली, "अहो, आले बघा तुमचे ढग." आमच्या घरात ढगांना 'तुमचे' म्हणायची रीत आहे. मी ते पाळलेत आणि दुपारी चरायला सोडतो, असा सगळ्यांचा समज असावा. एरवी असा ढग दिसला की शर्टाची बटणं न लावता जिना चढणारा माणूस मी. जमिनीलगतची हवा तापून वर कशी चढते, कधी अर्ध्यात दम टाकते, कधी आभाळाला डोकं लागेपर्यंत थांबत नाही, यावर मी शिक्षण धरून तीस वर्षं काढली. लेख लिहिले, विमानातून ढगांच्या पोटात शिरून उलट्या केल्या, दूरदूरच्या देशांत भाषणं ठोकली. आणि यंदा मी खिडकीच्या फटीतून ढगाकडे बघत होतो. गृहपाठ न केलेला मुलगा बाईंकडे बघतो तसा.

कारण सांगतो. पण मला गोष्ट सरळ सांगता येत नाही, हे आधीच कबूल करतो. तीच तर सगळी भानगड आहे.

आमच्या बेळगाव-निपाणी पट्ट्यातला वळीव ज्यानं पाहिला नाही त्याला वाटतं, पाऊस म्हणजे पाऊस. तसं नाही. जूनमधला पाऊस सरकारी असतो. तो वर्दी देऊन येतो, सगळ्यांना सारखा भिजवतो, महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतो. वळीव खासगी. तो एका गल्लीच्या या टोकाला धो धो कोसळतो आणि त्या टोकाला एखादी म्हातारी निवांत मिरच्या वाळवत बसलेली असते. बैलाच्या एका शिंगावर पडतो नि दुसरं कोरडं ठेवतो, असं आपल्याकडे म्हणतात. हे वाक्य मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला ऐकवतो. फळ्यावर बैल काढतो. बैल मला चांगला जमतो. पोरं हसतात, आणि मग मी गंभीर चेहरा करून म्हणतो, "जगातलं सगळं संवहनाचं शास्त्र या बैलाच्या दोन शिंगांमधे आहे."

दुधाची कढई चुलीवर ठेवा. तळाशी सगळीकडे सारखीच आच. पण पहिला बुडबुडा कुठे फुटणार ते बेळगावी कुंद्यासाठी जन्मभर दूध आटवलेला हलवाईसुद्धा सांगू शकत नाही. वळवाचंही तसंच. हवा सगळीकडे तापते, पण फुटते एकाच जागी.

माझे आप्पा वडगावात माग चालवायचे. साड्यांचे. एप्रिलमधे दुपारी मधेच बटण बंद करायचे, ताण्याच्या उभ्या धाग्यांवर तळहात फिरवायचे आणि म्हणायचे, "सूत जड झालंय. आज येनार." बहुतेक वेळा यायचा. पुढे मी वरच्या शाळा शिकलो, हवेतल्या बाष्पाची समीकरणं सोडवली, तेव्हा कळलं की आप्पा तळहातानं तेच मोजत होते. मला त्याचं फार कौतुक. भाषणात मी आप्पांचा तो हात करून दाखवतो. माझ्या एकाही लेखात मात्र तो हात आलेला नाही. लेखात फक्त यंत्रं येतात.

आता त्या मोसमाकडे येतो. वीस-बावीस वर्षं झाली. मी हवामानाच्या संस्थेत नवा होतो, मिशी काळी होती आणि स्वतःबद्दलचं मत फार चांगलं होतं. ठरवलं, की वळवाचा पाऊस आपल्याच मुलखात मोजायचा. बेळगावपासून निपाणीपर्यंत बारा गावांत बारा पर्जन्यमापक. संस्थेकडून यायची उपकरणं वेळेत आली नाहीत, तेव्हा खडेबाजाराच्या एका बोळातल्या पत्राकामवाल्याकडून मी बारा नरसाळी आणि बारा डबे एका मापाचे करून घेतले. तो मला विचारायचा, "रॉकेलचं दुकान काढताय काय?" डब्यासोबत काचेचं एक मापपात्र, दहा मिलिमीटरपर्यंतच्या खुणा असलेलं, आणि एक वही. रोज सकाळी साडेआठला डब्यातलं पाणी मापात ओतायचं, आकडा लिहायचा. बस्स.

बारा गावांत बारा माणसं शोधली. कंग्राळीकडे एक निवृत्त गुरुजी मिळाले. पांढरं धोतर, दारावर पितळी पाटी, अक्षर मोत्यासारखं. एका ठिकाणी दूध डेअरीचा सचिव, एका ठिकाणी किराणा दुकानदार. आणि निपाणीच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत असलेल्या एका गावात, कुणीच हो म्हणेना तेव्हा तानाक्का मिळाल्या. गावाचं नाव लिहीत नाही. ते मी आजवर फार वेळा, फार ठिकाणी घेतलंय.

तानाक्का तंबाखूच्या वखारीत कामाला जायच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या. गावाबाहेरच्या वस्तीत घर, पुढं मोठं अंगण, अंगणात निळ्या कापडाची पताका आणि बाबासाहेबांचा फोटो लावलेली ओसरी. मी डबा बसवायला गेलो तेव्हा त्या हात बांधून बघत होत्या.

"पाऊस न्हाय त्या दिवशीबी बघायचं?" त्यांनी विचारलं.

"रोज बघायचं आक्का. पाऊस नसेल तर शून्य लिहायचं."

त्यांनी जरा विचार केला. "व्हय. न्हाय म्हनून सांगायचं तरी बघाय पायजेच की."

मी खूश होऊन डायरीत ते वाक्य टिपून घेतलं. वाक्यं टिपून घ्यायची मला तेव्हाही सवय होती.

पहिले काही आठवडे सगळ्या वह्यांत शून्याच्या माळा. मग वळवाला सुरुवात झाली. कुठे पाच, कुठे बारा, कुठे नुसती धूळ. महिन्यातून दोनदा मी जीपमधून फेरी मारायचो. निपाणीच्या वेशीवर तंबाखूच्या वासानं सटासट शिंका यायच्या, रुमाल नाकाला लावूनच मी तानाक्कांच्या अंगणात उतरायचो. त्यांची वहीसुद्धा तंबाखूच्या वासानं माखलेली. अजूनही माझ्या कपाटात ती उघडली की मी शिंकतो.

मे महिन्यातल्या एका फेरीत त्या वहीत मला एक आकडा दिसला. अठ्ठावन्न.

अठ्ठावन्न मिलिमीटर म्हणजे थोडा नाही. अंगणात बादल्या उलथल्यासारखा. त्याच दिवशी आजूबाजूच्या तिन्ही गावांत शून्य. त्या दिवशीचं उपग्रहाचं चित्र मी पाहिलेलं होतं, त्यात त्या भागावर जेमतेम एक पांढरा ठिपका. मी आकड्यावर बोट ठेवलं.

"आक्का, या दिवशी काय झालं?"

"काय व्हायचंय? पाऊस झाला की लई. लेकीचं लगीन हुतं."

लगीन म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात दिवा लागला. असे दिवे माझ्या डोक्यात पटकन लागतात आणि लागले की मला दुसरं काही दिसत नाही. लग्न म्हणजे पंगत. पंगत म्हणजे हात धुणारी दोनशे माणसं. आणि अंगणाच्या कडेला, कमरेइतक्या उंचीवर, एक चकचकीत नरसाळं.

"म्हणजे यात हात धुतले कुणीतरी," मी हसत म्हणालो.

"न्हाय वो सायेब. हात धुवाया पलीकडं पिंप ठेवलं हुतं."

"चूळ भरली असेल एखाद्या पाहुण्यानं!" आणि मी स्वतःच्याच विनोदावर खळखळून हसलो. जीपचा ड्रायव्हरही हसला. तानाक्का हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मी मोजलंय." एवढंच.

आकड्याच्या कडेला त्यांनी पाच उभ्या रेघा मारल्या होत्या आणि पुढे आठ लिहिले होते. दहाचं माप पाच वेळा भरलं, सहाव्या वेळी आठ खुणांपर्यंत. प्रत्येक माप ओतताना एक रेघ. हे मला तेव्हाही दिसलं होतं. ते दिसूनही मी जीपच्या बॉनेटवर वही ठेवली, लाल पेनानं आकड्यावर फुली मारली आणि समासात लिहिलं, 'लग्न. हात धुणे.' पुढच्या फेरीला मी तो डबा तिथून काढून ग्रामपंचायतीच्या छतावर नेला. तानाक्कांनी विचारलंसुद्धा नाही का नेताय म्हणून. डबा आणि नरसाळं राखेनं घासून लखलखीत करून ठेवलं होतं. मापपात्र जुन्या पातळाच्या फडक्यात गुंडाळलेलं. मी म्हटलं, "थँक्यू आक्का." त्या म्हणाल्या, "बरं."

शास्त्रज्ञाच्या आयुष्यात असे आकडे नेहमी येतात आणि जातात. हा मात्र गेला नाही, कारण मी त्याची गोष्ट केली.

त्या मोसमावरचा माझा लेख बऱ्यापैकी गाजला. भाषणांची बोलावणी आली. पहिल्याच भाषणात श्रोते पेंगताना दिसले तेव्हा मी तानाक्कांच्या अंगणाची गोष्ट ठेवून दिली. सभागृह जागं झालं. पुढच्या वेळी तिला जरा मीठ-मसाला लावला. त्याच्या पुढच्या वेळी व्याही आला. लालबुंद फेटा, झुपकेदार मिशा, जिलबीचा पाक मिशांवरून ओघळतोय. तो ऐटीत नरसाळ्यापाशी येतो, हात धुतो, मिशा धुतो, मग गाल फुगवून अशी लांब चूळ टाकतो की काय सांगावं. मी ती चूळ व्यासपीठावर प्रत्यक्ष टाकून दाखवायचो, पाण्याच्या बाटलीतून घोट घेऊन. पुढच्या रांगेतले लोक पाय वर घ्यायचे. मग मी कमरेवर हात ठेवून तानाक्कांच्या आवाजात म्हणायचो, "मी मोजलंय!" आणि टाळ्या. 'दक्षिण भारतातील सर्वांत मोठा स्थानिक पाऊस एका व्याह्याच्या तोंडातून पडला,' हे माझं शेवटचं वाक्य. परदेशातसुद्धा लोक जेवणाच्या वेळी येऊन विचारायचे, तो मिशीवाला गृहस्थ खरा आहे का? मी डोळा मारायचो. ज्या बोलीवरून शाळेत मला मुलांनी चिडवलं, तीच बोली मी तिकडे जाऊन हशासाठी वापरत होतो. त्याचं मला काही वाटलं नाही. उलट वाटायचं, मी आपल्या मुलखाचं नाव दूरवर नेतोय.

यंदाच्या एप्रिलमधे बेळगावात शाळकरी मुलींसाठी दहा दिवसांचं उन्हाळी विज्ञान शिबिर होतं. पहिल्या दिवशीचं भाषण माझं. सुटीवर घरी आलेलोच होतो. चाळीसेक मुली, त्यांच्या तीन-चार शिक्षिका. बैल काढला, दुधाची कढई झाली, आणि मुली जरा चुळबुळ करायला लागल्यावर मी व्याह्याला बोलावलं. गावाच्या नावासकट. मुली हसून लोळल्या. मी चूळ दोनदा टाकली.

भाषणानंतर मी सायकल स्टँडजवळ गाडीची किल्ली शोधत होतो. एक बाई आल्या. चाळिशीच्या, साधी सुती साडी, हातात हजेरीपट.

"सर, मी सुजाता. हायस्कूलला विज्ञान शिकवते. या मुलींपैकी अकरा माझ्या."

"वा! आवडलं का मुलींना?"

"फार आवडलं." त्यांनी हजेरीपट दुसऱ्या हातात घेतला. "सर, माझ्या सासऱ्यांना मिशा नव्हत्या."

मला काही कळेना.

"तुम्ही सांगितलं ते लग्न माझं. ज्या आक्का तुम्ही करून दाखवल्या ती माझी आई. व्याही म्हणजे माझे सासरे. ते गोड खात नसत, त्यांना साखर होती. आणि पाऊस पडला होता सर. माझी पांढरी साडी गुडघ्यापर्यंत तांबडी झाली होती."

माझ्या तोंडातून निघालं, "अहो, मग तुम्ही तिथंच का नाही बोललात?"

"कशी बोलू? मी हसत होते." त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "सगळ्या मुली हसत होत्या. मी एकटी नाही हसले तर विचारतील, बाई, तुम्हांला काय झालं? म्हणून हसले. आईची नक्कल चालली होती आणि मी हसले."

किल्ली माझ्या हातातच होती. मी ती खिशात शोधत राहिलो.

त्यांनी संध्याकाळी मला फोनवर लग्नाची चित्रफीत पाठवली. तेव्हाची कॅसेट त्यांच्या मुलानं फोनमधे उतरवून घेतलेली. डाव्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख. तीच तारीख. मी ती चारदा बघितली. आधी नेहमीचं सगळं. बुद्धवंदना, हार, खुर्चीत अवघडून बसलेली पाहुणे मंडळी. मग प्रकाश एकदम पिवळा होतो. मांडवाचं कापड फुगतं, फटाफट आपटतं. बँडवाला कानडीत ओरडतो, "मळे बंतु! मळे बंतु!" आणि खरंच पाऊस आला. असा, की कॅमेऱ्यासमोर पडदा पडल्यासारखा. मांडवाच्या पोटात पाणी साचून ते म्हशीच्या पोटासारखं लोंबतं, दोघे-तिघे काठ्यांनी ते वर ढकलतात. भाताचं पातेलं उचलून चौघे पळतात. पोरं ताटं डोक्यावर धरून नाचतात. मला त्याही स्थितीत गंमत वाटायला लागली; स्वभाव जात नाही.

मग कॅमेरा अंगणाच्या कडेला वळतो. नरसाळं दिसतं. आडोसा शोधणारी माणसं त्या बाजूला सरकलेली, त्यांच्या अंगावरचं पाणी निथळतंय. आणि तानाक्का, लेकीच्या लग्नाची नवी साडी नेसलेल्या, भर पावसात दोन्ही हात पसरून त्या डब्यापुढं उभ्या आहेत. अंतर ठेवून, नरसाळ्याला आपला आडोसा होणार नाही अशा. ढगांच्या गडगडाटातही आवाज स्पष्ट ऐकू येतो: "मागं सरा! मागं सरा म्हंते न्हवं! त्यात तुमचं पानी जाया नगं, सरकारी हाय त्ये!" कुणीतरी म्हणतं, "अगं आक्का, तू भिजालीस की!" तर म्हणतात, "भिजू दे. माप चुकंल."

खाली सुजाताबाईंनी निरोप लिहिला होता. 'मी संध्याकाळी सासरी गेले. मावशी सांगते, दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं आधी पाणी मोजलं आणि मग रडायला बसली.'

रात्र कशी गेली ते सांगत नाही. तशी वर्णनं मला फार छान जमतात. सकाळी कपाट उघडलं, शिंकलो, तानाक्कांची वही काढली. लाल फुली अजून ताजी वाटावी अशी. मग बाकीच्या अकरा वह्यांवरूनही नजर फिरवावी म्हणून त्या काढल्या, आणि गुरुजींच्या वहीत थबकलो. त्याच मोसमात, तीन आठवडे आधी, गुरुजींकडे एकेचाळीस. आजूबाजूला सगळीकडे शून्य. पुढे माझ्याच हातची हिरवी बरोबरची खूण. त्यावर तर मी लेखात पानभर लिहिलंय, 'अत्यंत स्थानिक वळवाचं उत्तम उदाहरण' म्हणून. गुरुजींना मी विचारलं होतं, त्यांनी "जोरात झाला हो" म्हटलं आणि मी चहा पिऊन निघालो होतो. लेखाच्या शेवटी निरीक्षकांचे आभार आहेत. अकरा नावं. गुरुजींचं पहिलं.

दोन दिवसांनी मी तानाक्कांकडे गेलो. सुजाताबाईंनी बजावलं होतं, "मी आईला काही सांगितलेलं नाही. तुम्हीच सांगा." आता घर पक्कं झालंय. तानाक्का ओसरीवर बसून चिंचा फोडत होत्या. केस पांढरे. ओळखलं लगेच.

"या की सायेब. लई वर्सांनी. जाडं झालासा."

मी बसलो आणि सांगायला लागलो. पाठ करून गेलो होतो, अगदी साधं. पण तोंड उघडलं आणि माझ्या जिभेनं आपला नेहमीचा रस्ता धरला. अंगण आलं, पंगत आली, आणि मी सांगतोय तरी काय हे कळायच्या आत फेटा बांधून व्याही हजर. आवाज चढला, हात फिरले. तानाक्का चिंच फोडायच्या थांबल्या. गालात हसल्यासुद्धा. आणि त्या हसल्या हे बघून मला इतका आनंद झाला, की मी चुळीसाठी तांब्याकडे हात नेला.

तांब्या तसाच धरून बसलो. चूळ टाकली नाही. पण हात तिथपर्यंत गेला होता, तो त्यांनी पाहिला.

"लई ब्येस सांगतासा," त्या म्हणाल्या. "लोकं हसत असतील."

"हसतात."

"कितींदा सांगितलासा?"

"मोजलं नाही आक्का."

त्यांनी चिंचोके सुपात टाकले. मग म्हणाल्या, "मला वाटलं, डबा नेला तो पंचायतीवर बरा बसंल म्हनून नेला. ह्ये न्हवतं ठावं." आणि पुढची चिंच हातात घेऊन, "सुजाक्का ऐकली व्हय ह्ये?"

मी मान हलवली. त्यांचा चेहरा बदलला तो तेव्हा. स्वतःबद्दल ऐकताना बदलला नव्हता.

मी वही काढून पुढे ठेवली, पेन दिलं. म्हटलं, "आक्का, मी तो आकडा पुन्हा लेखात घालायला पाठवतोय, तुमच्या नावानं. चूक माझी होती असं लिहून. पण इथं वहीत, त्या फुलीशेजारी, तुमच्या हातानं एकदा लिहा. मला बरं वाटेल."

त्यांनी पान निरखलं. रेघांवरून बोट फिरवलं, एक, दोन, तीन, चार, पाच. पेन माझ्याकडे परत सरकवलं.

"मी येकदा लिवलंय," त्या म्हणाल्या. "तू खोडलास, तूच लिव."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'तुमी'चं 'तू' झालं होतं. मी लिहिलं. अठ्ठावन्न. अक्षर वाकडं आलं. त्यांनी ते बघितलं आणि चिंचांचं सूप पुढ्यात ओढून घेतलं. मी उठलो तेव्हा एवढंच म्हणाल्या, "त्या पोरींस्नी बी सांग. हसीवल्याबिगार सांग."

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मी परत गेलो. बोलावलं नव्हतं, वीस मिनिटं मागून घेतली. मुली मला बघताच खुदखुदायला लागल्या, दोघीतिघींनी पाय वर घेतले. सुजाताबाई मागच्या भिंतीशी उभ्या होत्या, हजेरीपट छातीशी धरून.

मी सांगितलं. हात पाठीमागे बांधले होते, ते सुटू दिले नाहीत. त्या मोसमात बारा गावांत बारा जण पाऊस मोजत होते. त्या दिवशी आक्कांच्या गावात पाऊस पडला होता. आक्कांनी तो बरोबर मोजला होता. त्यांनी तसं मला सांगितलं आणि मी ऐकलं नाही. पाहुण्यानं चूळ भरली हे मी मनानं रचलं. ते खरं असल्यासारखं वीस वर्षं सांगितलं. आक्कांची नक्कल केली. तुम्हांलाही हसवलं, त्याबद्दल मी माफी मागतो. इतकंच होतं ते. वीस मिनिटं मागितली होती, तीन लागली. मुली गंमत केव्हा येणार म्हणून वाट बघत होत्या. ती येत नाही म्हटल्यावर एकमेकींकडे बघायला लागल्या.

दुसऱ्या रांगेतली, दोन वेण्या आणि जाड चष्म्याची एक मुलगी उठली. "सर, बाकीच्या अकरा जणांपैकी कुणाचा असा एकट्याचा आकडा आलाच नव्हता काय?"

मी सुजाताबाईंकडे बघितलं. त्यांना गुरुजींचं काही ठाऊक नव्हतं. 'नव्हता' म्हटलं असतं तर कुणालाच कळलं नसतं.

"आला होता," मी म्हणालो. "एका गुरुजींचा."

"मग तोपण खोडला?"

"नाही. तो ठेवला."

"का सर?"

याला माझ्याजवळ निदान तीन मजेदार उत्तरं होती. एकात तर गुरुजींच्या धोतराचा उल्लेख होता. सभागृह हसलं असतं, मुलगी बसली असती, चहा आला असता.

"गुरुजींवर माझा विश्वास होता. आक्कांवर नव्हता. त्याला शास्त्रातलं कसलंही कारण नव्हतं."

ती बसली नाही. "मग कसलं होतं?"

मागच्या भिंतीशी सुजाताबाई हलल्या नाहीत. मुलीला 'बस गं' असं त्या म्हणाल्या नाहीत.

"आक्का कुठल्या वस्तीत राहतात ते मला ठाऊक होतं," मी म्हणालो. "तंबाखूच्या वखारीत जातात हेही. अशा बाईचं मोजणं बरोबर असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

ती मुलगी खाली बसली. तिनं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला लागली. मग तिच्या शेजारची. मग एकेक करून सगळ्यांनीच वह्या उघडल्या आणि मी म्हणालो होतो ते शब्द लिहून घेतले.